पाळीची पोटदुखी : घाईने पिशवी काढू नका



हे पत्रक नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून न वाचवता आशाताईंकडून वाचून घ्यावे, म्हणजे शंका जागच्या जागी विचारता येतील.

“अहो, ओटीपोटात लई दुखतंय. आज कामावर यायचं होत नाही.”

“दर महिन्याचंच झालंय हे. एकदाची पिशवीच काढून टाकू, म्हणजे कटकट मिटंल.”

असे बोलणे पुष्कळ घरांत होते. बोलणारा नवरा वाईट असतो असे नाही. हातावरचे पोट असते. फटाक्याच्या कारखान्यातली मजुरी बुडते, ऊसतोडीवर खाडा पडतो. पण बायको ऐन पंचविशीतली असेल आणि मूल हवे असेल, तर ही घाई जन्मभर भोवते. म्हणून आधी दुखणे समजून घ्या.

दुखते कशाने?

गर्भपिशवीला आतून अस्तर असते. दर महिन्याला ते गर्भासाठी तयार होते. दिवस राहिले नाहीत की रक्ताबरोबर गळून पडते. हीच पाळी. काही स्त्रियांमध्ये अशाच अस्तराचे ठिपके पिशवीच्या बाहेर, म्हणजे बीजकोशावर, नळ्यांवर किंवा आतड्याजवळ वाढतात. पाळीच्या दिवसांत तेथेही रक्त सुटते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून गाठ होते. ते रक्त तपकिरी दिसते म्हणून डॉक्टर तिला ‘चॉकलेट गाठ’ म्हणतात.

या आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. जगात मूल होण्याच्या वयातील दर १० स्त्रियांमागे सुमारे एकीला तो असतो. हा कॅन्सर नव्हे, करणी नव्हे आणि बाईचे ढोंग तर नव्हेच नव्हे.

पाळीत अंथरूण धरावे लागणे, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणे, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसताना कळ येणे, वर्षभर वाट पाहूनही दिवस न राहणे, ही त्याची लक्षणे. सोनोग्राफीत गाठ दिसते, बारीक ठिपके दिसतीलच असे नाही. म्हणून “रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे दुखतच नाही,” असे कोणी म्हणू नये.

हा आजार असला की मूल होतच नाही, हा गैरसमज आहे. अनेक जणींना आपोआप दिवस राहतात. काहींना उपचार लागतात. आणि मूल होत नसेल तर तपासणी नवऱ्याचीही झाली पाहिजे. दोष एकट्या बाईच्या माथी मारू नये.

ऑपरेशन तीन, नाव एकच

आपण सगळ्यालाच ‘ऑपरेशन’ म्हणतो. येथेच फसगत होते.

१. नळ्या बंद करण्याचे : हे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन. पाळी चालू राहते, मूल होत नाही. मुले पुरे झाली असतील त्यांच्यासाठी आहे. पाळीचे दुखणे याने बरे होत नाही.

२. गाठ काढण्याचे : हेही बहुधा दुर्बिणीतूनच करतात. गाठ व ठिपके काढतात, चिकटलेले सोडवतात. पिशवी व बीजकोश जागेवर राहतात. दुखणे कमी होते. आजार थोडा असेल तर दिवस राहण्याची शक्यताही वाढते. पण यात एक मेख आहे. बीजकोशातील गाठ काढताना तिच्याबरोबर थोडा चांगला भागही जातो आणि स्त्रीबीजांचा साठा घटतो. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा पुन्हा पुन्हा ऑपरेशन केले तर जास्तच घटतो. एकदा गेलेली बीजे परत तयार होत नाहीत. म्हणून प्रत्येक लहान गाठ कापायलाच हवी असे नाही.

३. पिशवी काढण्याचे : यानंतर पाळी नाही व गर्भही नाही, कायमचा. बरोबर दोन्ही बीजकोश काढले तर तरुण बाईला एकदम म्हातारपण गाठते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. एवढे करूनही बाहेरचे ठिपके राहिले तर पोट दुखतच राहू शकते. हा उपाय शेवटचा.

शेजारच्या बीडचा धडा

२०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची पिशवी काढली गेली, अशी माहिती २०१९ साली विधिमंडळात देण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने हा प्रश्न हाती घेतला. तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी आधीच काढलेली होती. त्यांत तरुण बायकाही होत्या. सगळीच ऑपरेशने चुकीची होती असे नाही, काही वेळा त्यावाचून इलाज नसतो. पण दुखण्याला आणि खाड्याला कंटाळून, ‘कॅन्सर होईल’ या भीतीने जी पिशवी जाते, ती परत मिळत नाही.

आधी साधे उपाय

डॉक्टर प्रथम दुखणे थांबवणारी गोळी देतात. मूल लगेच नको असेल तर पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी हे दुखणेही आटोक्यात राहते. गोळ्या बंद केल्या की पुन्हा दिवस राहू शकतात. अंतरा इंजेक्शनाचाही उपयोग होतो, मात्र ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागतो. तांबीने रक्तस्राव व दुखणे वाढू शकते, तेव्हा ती बसवण्यापूर्वी त्रास मोकळेपणी सांगावा. मूल हवे असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण उपचार त्यावरून ठरतात.

सही करण्यापूर्वी विचारा

• नेमके काय काढणार? गाठ, बीजकोश की पिशवी?
• गोळ्या-इंजेक्शनाने भागणार नाही का?
• यानंतर आम्हाला मूल होईल का?
• स्त्रीबीजांचा साठा रक्त तपासून आधी पाहता येईल का?
• गाठ पुन्हा होऊ नये म्हणून पुढे काय करायचे?

उत्तर नीट समजले नाही तर सही करू नका. कागद मागून घ्या आणि धाराशिवला सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मात्र अचानक असह्य कळ, चक्कर, ताप किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

टोळी दसरा-दिवाळीनंतर निघते आणि येडाईच्या चैत्री यात्रेच्या सुमाराला परतते. निघण्यापूर्वी तपासून घ्या. उचल घेतली म्हणून दुखणे थांबत नाही.

बाईने दुखणे लपवू नये, नवऱ्याने ते हसण्यावारी नेऊ नये. मूल कधी हवे हे दोघांनी ठरवावे, आणि ऑपरेशनही दोघांनी समजून घ्यावे. मात्र शरीर तिचे आहे, म्हणून शेवटचा होकार तिचाच असावा.

दुखणे सांगा वेळेवर, सही करा समजल्यावर!