जखमेतील अळी आणि तिचे कुळ

उत्तर प्रदेशातील झांशी जिल्ह्यात टहरौली नावाची तहसील आहे. बुंदेलखंडाच्या या भागात रब्बीचे पीक निघाले की गुरे मोकळी सोडून देण्याची चाल असून तिला ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. पूर्वी ही गुरे पेरणीच्या सुमारास पुन्हा दावणीला येत. आता त्यांतील पुष्कळशी वर्षभर बेवारशी हिंडतात. अशा जनावराला तारेने ओरखडा पडला किंवा दुसऱ्याचे शिंग लागले, तर ती जखम पाहावयास कोणी नसते. दोन-चार दिवसांत तीत अळ्या वळवळू लागतात. महाराष्ट्रातील शेतकरी अशा वेळी ‘जखमेत किडे पडले’ म्हणतो व टर्पेंटाइन ओततो, अथवा सीताफळाचा पाला वाटून भरतो. किडे कोठून आले, असे विचारल्यास ‘माशी बसली’ हे त्याचे उत्तर. ते बरोबरच आहे. परंतु माशी कोणती आणि ती कोठली, हे दोन प्रश्न त्यापुढे उरतात.

पहिल्या प्रश्नाचा उलगडा भारतातच झाला. निळसर-हिरव्या चकचकीत माशा अनेक जातींच्या असतात आणि बहुतेकींच्या अळ्या सडलेल्या मांसावर वाढतात. क्रायसोमिया बेझियाना ही माशी मात्र प्रेतावर अंडी घालीत नाही. तिला जिवंत प्राण्याची जखम, वासराची ओली नाळ किंवा गोचिडाने पाडलेले छिद्र लागते. ती एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. अळीच्या अंगावर काट्यांची वलये असतात व ती डोके आत खुपसून स्क्रूप्रमाणे मांसात शिरते. म्हणून इंग्रजीत तिला ‘स्क्रूवर्म’ हे नाव पडले. भारतातील गुरांच्या व माणसांच्या जखमांत आढळणाऱ्या अळ्या मुख्यतः हिच्या, हे डब्ल्यू. एस. पॅटन या कीटकशास्त्रज्ञाने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडले.

याच पॅटनने १९३३ मध्ये एमरी कुशिंग याच्यासमवेत अमेरिकेतील अशाच एका माशीचा घोटाळा सोडविला. तेथे जिवंत मांस खाणारी जात आणि तिच्यासारखी दिसणारी, सडलेल्या मांसावर जगणारी जात या एकच समजल्या जात. त्या दोन निघाल्या. शत्रू ओळखता आल्यावर उपाय सुचला. एडवर्ड निपलिंग याने असा विचार केला की, ही मादी बहुधा आयुष्यात एकदाच संग करते. तेव्हा किरणांनी वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडले, तर तिची अंडी फुकट जातील. क्युरासाओ बेटावर १९५४ मध्ये हा प्रयोग थोड्या महिन्यांत सफल झाला. १९८८ मध्ये अमेरिकेतील हीच माशी लिबियात आढळली, तेव्हा मेक्सिकोतून वंध्य माशा विमानाने नेऊन १९९१ पर्यंत तिचा नायनाट करण्यात आला.

आता दुसरा प्रश्न पुढे येतो. एखाद्या प्रदेशातील माशा संपविल्या तरी शेजारून नव्या येत राहिल्या, तर सारा खर्च वाया जातो. हा शेजार कोठवर पसरला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, कारण एकाच जातीच्या सर्व माशा सारख्याच दिसतात. तो फरक आनुवंशिक चिन्हकांवरून कळतो. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए केवळ आईकडून संततीस मिळतो, जणू आडनाव आईच्या बाजूने चालावे. त्यात क्वचित एखादे ‘अक्षर’ बदलते आणि तो बदल पुढे लेकींच्या वंशात उतरतो. दोन ठिकाणच्या माशांतील अशा अक्षरांची तुलना केली म्हणजे त्यांचे नाते जवळचे की दूरचे, हे ठरते. या साक्षीत बापाचा भाग मात्र नसतो. म्हणून केंद्रकातील डीएनएही पाहावा लागतो. त्यात काही ठिकाणी एकच अक्षरजोडी माळेतील मण्यांसारखी पुनःपुन्हा येते आणि मण्यांची संख्या माशीमाशीत बदलते.

या पद्धतीने २००१ मध्ये असे दिसले की, क्रायसोमिया बेझियानाचे आफ्रिकेतील व आशियातील असे दोन भौगोलिक वंश आहेत. इराकमध्ये १९९६ साली तिची मोठी साथ आली होती. आखाती प्रदेशातील माशा आफ्रिकी नव्हे, तर आशियाई वंशाच्या ठरल्या. पापुआ न्यू गिनीतील माशा आशियाच्या मुख्य भूमीवरील माशांहून वेगळ्या निघाल्या. अमेरिकेतील जातीतही क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, ॲमेझॉनच्या उत्तरेचा प्रदेश व दक्षिणेचा प्रदेश असे चार गट आढळले. समुद्राने बेटावरील माशा अलग राखाव्यात यात नवल नाही. मुख्य भूमीवर ॲमेझॉनचे खोरेही सीमेचे काम करते, हे मात्र अनपेक्षित म्हणावे लागेल. याउलट, गुरांच्या व्यापारातून अळी जखमेतच बसून सीमा ओलांडते. लिबियाचे उदाहरण हेच सांगते.

टहरौलीच्या मोकाट गुरांतील माशी आणि विदर्भातील माशी एकाच समूहाच्या की निराळ्या, हे पाहावयाचे झाल्यास आरंभ साधा आहे. चिमट्याने काढलेल्या अळ्या एरवी फेकून दिल्या जातात. त्यांतील एक-दोन तीव्र मद्यार्कात ठेवाव्यात. एकाच जखमेतून वीस अळ्या घेणे व्यर्थ होय, कारण बरेचदा त्या एकाच आईची लेकरे असतात. वेगवेगळ्या गावांतील वेगवेगळ्या जनावरांच्या घ्याव्यात. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, दिनांक, जनावर व जखमेची जागा शिसपेन्सिलीने लिहावी. शाई मद्यार्कात विरघळते.