मोठी मेलपेटी हलवताना नक्की काय हलतं?

"तुझी पीएचडी नक्की कशात आहे गं?" हा प्रश्न मला लग्नात, एसटीत आणि मारुती मंदिरच्या रिक्षा स्टँडवरसुद्धा विचारला गेलाय. "मोठमोठ्या मेलपेट्या एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेताना काय हरवतं, ते शोधण्यात," असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो. मग विचारतो, "पण ते कॉपी-पेस्ट करून होत नाही का?"

होतं. छोट्या पेटीचं अगदी सहज होतं. पण पेटी मोठी झाली की कॉपी-पेस्टचा अर्थच बदलतो. कसा, ते आज सांगते.

आमच्या ओळखीतले एक सर, मत्स्यशास्त्रातले, मागच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होणार होते. मिरकरवाडा बंदरावर कुठल्या दिवशी कोणती मासळी किती उतरली, याच्या नोंदी त्यांचे विद्यार्थी त्यांना वर्षानुवर्षं मेलने पाठवत आले होते. सरांनी त्या कधी वेगळ्या काढून ठेवल्याच नाहीत. "मेलमध्ये आहे की सगळं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्याच सुमारास त्यांच्या संस्थेने मेलसेवा बदलली, आणि जुनी सेवा ठरावीक तारखेला बंद होणार असं कळलं. पेटीचा आकार ६० जीबी, आत जवळपास ४ लाख मेल. सरांनी मला बोलावलं. "तुझा विषयच आहे ना हा? मग कर."

एकटे सर नाहीत

हे आत्ताच का चाललंय, तर त्याला कारणं आहेत. शिक्षणसंस्थांना गुगलकडून अमर्याद साठवण फुकट मिळायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने जाहीर केलं की ती बंद होणार आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मूळ कोटा मिळणार. जुन्या संस्थांना हे जुलै २०२२ पासून लागू झालं. १०० टीबी ऐकायला खूप वाटतं. पण ५,००० खाती असतील तर वाट्याला येतात डोक्यामागे २० जीबी, आणि त्यात मेल, फोटो, ड्राइव्हमधल्या फायली सगळंच आलं.

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. केंद्र सरकारची मेलसेवा वर्षानुवर्षं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्वतः चालवत होतं. २०२३ मध्ये निविदेतून हे काम झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीकडे सात वर्षांसाठी गेलं, आणि २०२५ पर्यंत सुमारे १२ लाख खाती झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या. कर्मचाऱ्यांचे पत्ते मात्र तेच राहिले, शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'. म्हणजे दारावरची पाटी तीच, आतलं घर नवं.

पाइप मोठा असून उपयोग नाही

आधी वेळेचं गणित करू. समजा तुमच्या इंटरनेटचा अपलोड वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. ६० जीबी म्हणजे ४,८०,००० मेगाबिट. भागाकार केला तर २४,००० सेकंद, म्हणजे पावणेसात तासांच्या आत काम व्हायला हवं. रात्री लावून झोपलं की सकाळी तयार!

प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येतात.

पहिली म्हणजे मेलची संख्या. मेल काढायची आणि ठेवायची जुनी सर्वमान्य पद्धत आहे आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तिची सुरुवात केली. यात प्रत्येक मेलसाठी सर्व्हरशी थोडी देवाणघेवाण होते: हा दे, मिळाला, आता तिकडे ठेव, ठेवला. दर मेलमागे नुसते ०.३ सेकंद धरले तरी ४ लाख मेलना १,२०,००० सेकंद, म्हणजे ३३ तास लागतात. मेल लहान असो की मोठा, हा वेळ जातोच.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हरची मर्यादा. एकाच खात्याने सगळी यंत्रणा अडवू नये म्हणून सेवा देणारे रोजचा कोटा ठरवतात. जीमेलवर आयमॅपने दिवसाला २,५०० एमबी उतरवता येतं आणि ५०० एमबी चढवता येतं, अशी गुगलची जाहीर मर्यादा आहे. ६० जीबी उतरवायला २४ दिवस, आणि तेवढंच जीमेलवर चढवायला १२० दिवस! म्हणून मोठ्या संस्था प्रशासकांसाठीची वेगळी साधनं वापरतात, जिथे मर्यादा वेगळ्या असतात. पण निवृत्तीला महिना उरलेल्या एकट्या माणसाने आधी हे गणित कागदावर करावं, मग कामाला लागावं.

यातून एक गोष्ट ठरते: काम एका बैठकीत होणार नाही, मध्ये तुटणार. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे साधन असं हवं की पुन्हा सुरू केल्यावर नेलेले मेल ओळखेल आणि दुसऱ्यांदा नेणार नाही. आयमॅपसिंक हे जिल लामिराल यांचं साधन याच कामासाठी अनेक जण वापरतात.

पेटी खरंच ६० जीबीची आहे का?

इथे एक गंमत आहे. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनला. फोटो किंवा पीडीएफ जोडलं की त्याच्या दर ३ बाइटची ४ अक्षरं केली जातात. त्यामुळे १८ एमबीची फाइल मेलमध्ये २४ एमबीच्या वर जाते. संगणकावर मोजलेल्या फायली आणि मेलपेटीचा आकार जुळत नाही, त्याचं एक कारण हे.

जीमेलमध्ये आणखी एक भानगड. तिथे फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलला 'मिरकरवाडा', 'विद्यार्थी' आणि 'महत्त्वाचं' अशी तीन लेबलं असतील, तर आयमॅपमधून बघताना तो तीन फोल्डरांत दिसतो, वर 'सर्व मेल'मध्ये चौथ्यांदा. डोळे झाकून नेलात तर नव्या ठिकाणी एका मेलच्या चार प्रती होतात आणि नवा कोटा अर्ध्या वाटेतच संपतो.

आपल्या लिपीचाही त्रास आहे. जुन्या आयमॅपमध्ये फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर ते आतून वेगळ्या सांकेतिक रूपात, रोमन अक्षरं-आकड्यांच्या माळेत, साठवलं जातं. साधनाला ते उलगडता आलं नाही तर 'मासळी नोंदी' हा फोल्डर नव्या घरी कुणालाही न वाचता येणाऱ्या नावाने उगवतो. २०२१ मध्ये आलेल्या आयमॅपच्या नव्या आवृत्तीत नावं सरळ युनिकोडमध्ये ठेवता येतात, पण जुने सर्व्हर आणि साधनं अजून वापरात आहेतच.

माझी चूक

पहिल्या आठवड्यात मी सरांचे काही फोल्डर नेऊन दाखवले. आकडा बरोबर जुळत होता. मी खूश. सर स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही तर २००९ सालची विद्यार्थिनी. तिचा मेल काल आला म्हणतोय हा."

झालं असं होतं. मेलला दोन तारखा असतात. एक पाठवणाऱ्याने लिहिलेली, मेलच्या मजकुरातच असलेली. दुसरी सर्व्हरने नोंदलेली, मेल पेटीत कधी पडला त्याची. आयमॅपने मेल नव्या पेटीत ठेवताना ही दुसरी तारीख सोबत दिली नाही, तर नवा सर्व्हर आजची तारीख लावून मोकळा होतो. मी घाईत लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये ती द्यायची राहिली होती. बऱ्याच ॲपमध्ये यादी याच तारखेने लागते. सरांच्या दृष्टीने पंधरा वर्षांचा क्रम एका दिवसात गोळा झाला होता.

मेल एकही हरवला नव्हता. आणि तरी पेटी तीच राहिली नव्हती. माझा संशोधनाचा प्रश्न मला त्या दुपारी नीट कळला.

पेट्या मोजून आंबे कळत नाहीत

रत्नागिरीतून वाशीच्या बाजारात हापूस जातो तेव्हा दलाल आधी पेट्या मोजतो. २०० निघाल्या, २०० पोचल्या. पण एवढ्याने आत पाच डझन आहेत की साडेचार, फळ तेच आहे की मध्ये कुठे बदललं, हे कळत नाही. मेल स्थलांतराची बहुतेक तपासणी अशी पेट्या मोजण्यावर थांबते.

याच्या पुढची पायरी म्हणजे ठसा. संपूर्ण मेलमधून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा. मेलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. दोन्हीकडचे ठसे जुळले म्हणजे फळ तेच.

४ लाख ठसे एकेक करून जुळवण्याऐवजी झाड करता येतं. दोन-दोन ठसे एकत्र करून त्यांचा नवा ठसा, त्यांचे पुन्हा दोन-दोन, असं करत शेवटी एकच मुळाचा ठसा उरतो. राल्फ मर्कल यांची ही १९७९ सालची कल्पना. दोन्ही पेट्यांची मुळं जुळली तर सगळं जुळलं. नाही जुळली तर जी फांदी जुळत नाही तिच्यावरून खाली उतरायचं. ४ लाखांतला एक बिघडलेला मेल साधारण १९ पायऱ्यांत सापडतो.

मग अडतं कुठे? अडतं हे की चांगल्या स्थलांतरातसुद्धा ठसे जुळत नाहीत. नवा सर्व्हर मेलच्या डोक्यावर स्वतःच्या दोन ओळी चिकटवतो. कुणी ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह बदलतो. वाचणाऱ्याला काही फरक नाही, पण ठसा वेगळा. म्हणजे ठसा काढण्याआधी ठरवावं लागतं की कोणते फरक सोडून द्यायचे. हे ठरवणं हाच माझ्या कामाचा गाभा. जास्त सोडलं तर खरा बिघाड निसटतो, कमी सोडलं तर लाखभर खोट्या तक्रारी येतात आणि मग कोणीच काही बघत नाही.

हा नुसता अभ्यासातला प्रश्न नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यात ठशाचा आकडा लिहायला जागा आहे. जमिनीचा वाद असो की नोकरीचा, जुना मेल नव्या सेवेत गेल्यावर त्याचा ठसा का बदलला, हे कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

तुम्हाला करायचं असेल तर

क्रम असा ठेवा. आधी जुने मेल मागच्या मागे न्यायला लावा, कारण ते बदलत नाहीत. मग नवे मेल कुठे यायचे ती दिशा बदला. ही दिशा इंटरनेटवर एका नोंदीत असते आणि जगभरचे सर्व्हर ती काही काळ लक्षात ठेवतात. तो काळ एक दिवसाचा असेल तर बदलाच्या दोन-तीन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणायला सांगा. नाहीतर काही पत्रं जुन्याच दारी पडत राहतात, घर बदललं तरी पोस्टमन खालच्या आळीतच जातो तशी. शेवटी मधल्या काळातले उरलेले मेल आणा. जुनी पेटी लगेच रिकामी करू नका. आणि तपासताना नुसता आकडा बघू नका. सर्वांत जुना मेल, सर्वांत मोठा मेल, मराठी नावाचा फोल्डर आणि एखादं लांबलचक संभाषण, एवढं उघडून बघाच.

सरांची पेटी मी पुसून पुन्हा पहिल्यापासून नेली, या वेळी तारखांसकट. शेवटचे मेल गेले तेव्हा जुनी सेवा बंद व्हायला चार दिवस होते. काही जुन्या नोंदी मात्र आजही वाचता येत नाहीत. त्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत, आणि तो फाँट आता सरांच्या संगणकावर नाही. ठसा जुळतो, बाइट न् बाइट तोच आहे. पण वाचता येत नसेल तर तो मेल 'पोचला' म्हणायचं का?

याचं उत्तर माझ्या प्रबंधात अजून नाही. त्या फाँटचं काय करता येतं, ते पुढच्या लेखात लिहिते.