विजेवरचे गिअर : वेगासाठी की हातासाठी?

शर्यतीच्या सायकलींत गेल्या काही वर्षांत एक मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. गिअर बदलणारी पोलादी तार जाऊन तिच्या जागी चिमुकली विद्युत मोटर आली आहे. आपल्या संघटनेचे अनेक सभासद सायकलीकडे वळले असल्याने, “एवढा खर्च करावा का?” असा प्रश्न मला अस्थिरोगतज्ज्ञ व हौशी सायकलस्वार या नात्याने वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर यंत्रापेक्षा शरीरशास्त्रात अधिक सापडते, असे माझे मत आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर ही दुर्बलांची सोय वाटे. त्यामुळे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे डिरेलर तेथील प्रमुख स्पर्धकांना १९३७ मध्येच वापरता आले. विजेवरच्या गिअरचा प्रयोग फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० च्या दशकात केला, परंतु तो टिकला नाही. २००९ मध्ये जपानच्या शिमानोची प्रणाली बाजारात आली आणि ती रुजली. २०१५ मध्ये स्राम या अमेरिकी कंपनीने बिनतारी प्रणाली सादर केली.

यातील तत्त्व सोपे आहे. तारेच्या गिअरमध्ये बोटांचे बळ तारेमार्फत डिरेलरपर्यंत पोहोचते. तार ताणली गेली, तिच्या नळीत धूळ वा ओल शिरली, की साखळी नेमक्या दात्यांवर बसेनाशी होते. विजेच्या प्रणालीत बोट केवळ आज्ञा देते. बटण दाबताच मोटर डिरेलरला ठरलेल्या अंतराने सरकवते. पहिल्या खेपेस जेवढे, तेवढेच हजाराव्या खेपेसही.

याचा शरीराला लाभ कोणता? पायांची शक्ती म्हणजे पेडलवरील पीळ आणि फेऱ्यांची गती यांचा गुणाकार. तीच शक्ती मिनिटाला ६० ऐवजी ९० फेऱ्यांनी दिली, तर प्रत्येक फेरीतील सरासरी पीळ एक तृतीयांशाने घटतो. मांडीच्या स्नायूंवरील व गुडघ्यावरील भार हलका होतो. त्याबदल्यात हृदय व फुप्फुसांना थोडे अधिक काम पडते. चढ-उतारांच्या रस्त्यावर ही गती राखायची तर गिअर सतत बदलावा लागतो. खटका जड असेल, तर दमलेला स्वार तो टाळतो आणि जड गिअरवरच रेटत राहतो. बटण हलके असले की हा आळस उरत नाही.

दुसरा लाभ हाताचा. हँडलवर तासन्‌तास भार पडल्याने मनगटातील गियोन नलिकेत अल्नार चेता दाबली जाते, हे आपण जाणतोच. करंगळी बधिर होते, बोटांमधील लहान स्नायूंची शक्ती घटते आणि खटका आडवा ढकलणे कठीण होते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. एवढ्या अंतरात हाताला किती वेळा गिअर बदलावा लागत असेल, याची कल्पनाच केलेली बरी! संधिवात असलेल्यांना किंवा एकच हात चालणाऱ्यांना तर ही प्रणाली वरदानच ठरावी. कारण पुढील-मागील दोन्ही गिअरांची बटणे एकाच बाजूस बसविता येतात.

दोषही सांगितले पाहिजेत. किंमत मोठी आहे. बॅटरी आठवणीने भारित करावी लागते. ती संपली तर सायकल आहे त्याच गिअरवर राहते. ब्रेक मात्र त्या विजेवर अवलंबून नसतात, हे सुदैव. तुटलेली तार गावातला कारागीरही बदलतो. बिघडलेली मोटर तो दुरुस्त करू शकत नाही. २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी शिमानोच्या बिनतारी आज्ञा टिपून घेऊन, त्या पुन्हा प्रसारित करून दुरून गिअर बदलता येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर कंपनीने प्रणालीत सुधारणा केली.

तेव्हा माझा सल्ला असा : निरोगी हातांच्या आणि रविवारी तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या सभासदांना नीट निगा राखलेली तार पुरेशी आहे. तो पैसा सायकल आपल्या मापाची बसवून घेण्यावर खर्चावा. परंतु ज्याचा हात दुखतो, बधिर होतो किंवा अधू आहे, त्याने हा खर्च चैन मानू नये. देग्रांज ज्याला दुर्बलांची सोय म्हणून नाके मुरडत, तीच सोय त्याला आणखी काही वर्षे सायकलीवर ठेवू शकेल. आपल्या व्यवसायाचा हेतू तरी याहून वेगळा कोठे आहे?