विजेविना पूर्ण दाब

जनरल मोटर्सच्या '४एल६०-ई' या स्वयंचलित गिअरबॉक्सची ओळख तिच्या नावातच आहे: पुढे जाण्याचे चार गिअर, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवणी, ताकदीच्या प्रतवारीत साठ हा दर्जा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. तिची वंशावळ १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आलेल्या 'हायड्रामॅटिक'पर्यंत पोहोचते. मात्र ट्यूनिंगच्या, म्हणजे गाडीच्या संगणकातील आकडे बदलण्याच्या, सॉफ्टवेअरमधील कोष्टके समजून घ्यायची तर १९८२ मध्ये आलेल्या '७००-आर४' या तिच्या थेट पूर्वजापासून सुरुवात करणे पुरेसे आहे.

त्या गिअरबॉक्समध्ये संगणक गिअर टाकत नसे, तेलच टाकत असे. मागच्या शाफ्टबरोबर फिरणारी वजने, म्हणजे गव्हर्नर, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब तयार करत आणि ॲक्सिलरेटरला जोडलेली केबल पायाच्या जोराबरोबर वाढणारा दुसरा दाब तयार करे; हे दोन दाब एकाच व्हॉल्व्हला दोन टोकांनी ढकलत आणि वेगाची बाजू वरचढ ठरली की वरचा गिअर पडे. तीच केबल क्लच दाबून धरणाऱ्या मुख्य दाबाचेही प्रमाण ठरवत असल्याने ती सैल राहिली तर क्लच घसरत आणि थोड्याच दिवसांत जळून जात. १९९३ पासून '४एल६०-ई'मध्ये केबल आणि गव्हर्नर दोन्ही गेले, पण त्यांची झुंज कोष्टकात टिकून राहिली. ट्यूनिंगच्या पडद्यावर एका अक्षावर ॲक्सिलरेटरची टक्केवारी आणि प्रत्येक चौकटीत गिअर बदलण्याचा वेग दिसतो, तो त्या दोन दाबांचाच वारसा होय. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेग यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे लागते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा वेग ४० आणि परत दुसऱ्यात येण्याचा ३८ ठेवला, तर सौम्य चढावर गाडी त्या दोन गिअरमध्ये अखंड वरखाली करत राहते.

या कोष्टकांहून अधिक विचार करण्याजोगा भाग म्हणजे दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड, म्हणजे विद्युतप्रवाहाने सरकणारा छोटा व्हॉल्व्ह. त्याची रचना सहज अपेक्षेच्या नेमकी उलट आहे: प्रवाह सुमारे १.१ अँपिअर असताना दाब किमान असतो आणि प्रवाह शून्य झाला की तो कमाल होतो. गिअर निवडणारे दोन सोलेनॉइडही बंद असताना तिसरा गिअर देतात. त्यामुळे वायर तुटली किंवा संगणक निकामी झाला, तरी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण दाबासह, क्लच न घसरता हळूहळू घरी पोहोचू शकते. बिघाड होणारच हे गृहीत धरून बिघाडाची दिशा आधीच सुरक्षित बाजूला वळवून ठेवणारी ही रचना अभियांत्रिकीतील खऱ्या शहाणपणाचा नमुना आहे. नवशिक्या ट्यूनरला मात्र ती हमखास चकवते, कारण प्रवाहाच्या कोष्टकातील आकडा वाढवला की दाब घटतो, आणि क्लच घट्ट धरावा म्हणून केलेला बदल त्याला सैल करून ठेवतो.

कोणत्या क्षणी किती दाब द्यायचा, हे इंजिनच्या टॉर्कवरून, म्हणजे फिरवण्याच्या बलावरून ठरते. परंतु हे बल कोणी मोजत नाही, संगणक इंजिनात जाणारी हवा आणि ठिणगीची वेळ यांवरून त्याचा अंदाज बांधतो. साऱ्या विषयाची नाडी इथे आहे. टर्बो बसवलेल्या इंजिनासाठी हवेची कोष्टके अपुरी पडतात म्हणून काही ट्यूनर हवेचा आकडा निम्मा करून इंधनाचे गणित जुळवतात. इंजिन उत्तम चालते, पण गिअरबॉक्सला निम्माच टॉर्क कळतो, ती त्या हिशेबाने कमी दाब देते आणि दुप्पट बलाखाली क्लच घसरू लागतो. इंजिनाच्या सोयीसाठी सांगितलेल्या खोट्याची किंमत अशी गिअरबॉक्सला मोजावी लागते, आणि दाबाची कोष्टके त्याच प्रमाणात बदलल्याशिवाय ती टळत नाही.

गिअर बदलताना क्लचला काय सोसावे लागते, हे गिअरच्या प्रमाणांवरून दिसते. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०६ आणि दुसऱ्याचे १.६३ असल्याने ६००० आरपीएमवर दुसरा गिअर पडला की इंजिनाला सुमारे ३२०० पर्यंत उतरावे लागते आणि त्याच्या गतिज ऊर्जेचा मोठा भाग क्षणार्धात घर्षणाच्या अस्तरात उष्णता बनून जिरतो. म्हणून कारखान्यातील मांडणीत गिअर बदलताना ठिणगी क्षणभर उशिरा टाकून इंजिनाचे बल उतरवले जाते. जोरदार झटका म्हणजे ताकद, या समजुतीने ही सोय सरसकट काढून टाकण्याची प्रथा चिंताजनक आहे, कारण वाचलेल्या क्षणाचा भार त्याच अस्तरावर पडतो.

याहून अवघड प्रश्न संगणकाच्या स्वतः शिकण्याचा आहे. प्रत्येक गिअरबदलाला लागलेला वेळ मोजून तो अपेक्षित वेळेशी ताडला जातो, आणि उशीर होत असेल तर पुढच्या वेळी त्या परिस्थितीसाठी थोडा जादा दाब दिला जातो. अपेक्षित वेळेच्या चौकटीत शून्य भरणाऱ्याला वाटते की आपण गिअर झटपट केले. प्रत्यक्षात त्याने न गाठता येणारे लक्ष्य दिलेले असते आणि संगणक मर्यादा येईपर्यंत दाब वाढवत राहतो. शिवाय हेच शिकणे झीज झाकून ठेवते: अस्तर पातळ होत जाते, दाब वाढत जातो, चालकाला काही जाणवत नाही, आणि वाढवायला दाब उरला नाही की गिअर एकाएकी घसरतो.

काही झीज तर सॉफ्टवेअरच्याच आज्ञेतून उपजते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणारे चक्र, याच्या आत घसरण थांबवणारा एक क्लच असतो. १९९५ पासून तो एकदम न लावता विजेच्या जलद स्पंदनांनी हलकेच लावला जाऊ लागला. प्रवासाला मऊपणा आला, पण त्या स्पंदनांबरोबर एक छोटा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या भोकात सतत थरथरू लागला आणि त्याने ते भोक झिजवले. तेल गळू लागते, क्लच घसरतो आणि संगणक 'पी१८७०' हा दोषांक नोंदवतो. ट्यूनिंगमध्ये हा दोषांक दिसेनासा करता येतो, क्लच पूर्वीसारखा एकदम लावता येतो, तो लागण्याचा वेगही पुढे ढकलता येतो. पण झिजलेले भोक कोणत्याही आकड्याने भरून येत नाही. ते रीमरने मोठे करून त्यात जाड व्हॉल्व्ह बसवावा लागतो, आणि जळलेली अस्तरेही बदलावी लागतात. एवढे झाल्यावर संगणकाची शिकलेली स्मृती पुसायची राहून गेली, तर नव्या अस्तरांना पहिल्याच फेरीत जुन्या, झिजलेल्या अस्तरांसाठी साठवलेला दाब मिळतो.