विद्यापीठांत स्त्रीजीवनाचा अभ्यास

"बायकांचें जिणें विद्यापीठांत जाऊन काय शिकायचें? तें तर घरांत जन्मापासून पाहतोंच आहोंत!" मुलीनें स्त्री-अभ्यासाच्या वर्गांत नांव घालण्याचा विचार बोलून दाखवितांच पुष्कळ सुशिक्षित घरांतील वडीलधारी मंडळी असा आक्षेप घेतात. तो वरकरणी सयुक्तिक वाटतो. घर आपणांस दिसतें हें खरें; परंतु दिसतें तें केवळ आपलें घर, हें मात्र ध्यानांत येत नाहीं.

महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तें स्त्रियांना शिकविण्यासाठीं. स्त्रियांचें जीवन हाच अभ्यासाचा विषय होण्यास आणखी अठ्ठावन्न वर्षें लागलीं. १९७४ सालीं त्याच विद्यापीठांत नीरा देसाई यांच्या पुढाकारानें स्त्री-अभ्यासाचें संशोधन केंद्र निघालें. पुणें विद्यापीठांत तसें केंद्र १९८७ सालीं आलें.

मराठी स्त्रीचें आत्मवृत्त म्हटलें कीं आपणांस रमाबाई रानडे आठवतात, लक्ष्मीबाई टिळक आठवतात. पूर्वीं औंध संस्थानांत व आज सांगली जिल्ह्यांत असलेला आटपाडी तालुकाही आपण ओळखतों तो माडगूळकर बंधूंमुळें. त्याच तालुक्यांतील करगणी गांवच्या एका सुनेचें पुस्तक मात्र फार थोड्या घरांत आढळेल. शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचा जन्म १९२३ सालीं शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत, त्या वेळीं अस्पृश्य मानलेल्या महार कुटुंबांत झाला. पतीनें दुसरी बायको केली, तेव्हां सवतीसह नांदण्याचें नाकारून त्या माहेरीं परतल्या. १९४२ सालीं जिल्हा बोर्डाच्या शाळेंत त्या शिक्षिका झाल्या. पुढें जत तालुक्यांत शिक्षण खात्यांत अधिकारपदावर त्यांनीं काम केलें. दलित पँथरचे पुढारी व कवि अरुण कांबळे हे त्यांचे पुत्र. निवृत्तीनंतर लिहिलेली त्यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ सालीं ग्रंथरूपानें निघाली. (नांवांतील शब्द मुद्रणदोष नव्हेत, ती बोली आहे.) दलित स्त्रीनें लिहिलेलें पहिलें आत्मचरित्र म्हणून तिचा उल्लेख होतो.

पुणें विद्यापीठांतील शर्मिला रेगे यांनीं २००६ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत शांताबाईंसह अनेक दलित स्त्रियांचीं आत्मकथनें अभ्यासाला घेतलीं. जात वगळून स्त्रीचा विचार करतां येत नाहीं, हें त्यांचें प्रतिपादन आपल्यापैकीं कांहींना बोंचेल. बोंचलें तरी तें खोडून काढणें सोपें नाहीं.

सवत आमच्याही घराण्यांत येत असे. मग शांताबाईंना जें करतां आलें तें सोंवळ्यांतल्या आमच्या पणज्यांना कां करतां आलें नाहीं? माहेरचा आधार, कष्टाची संवय, जातींतील रूढि, शाळेचा पगार, यांपैकीं कशाचा वाटा किती? याचें उत्तर घरांत बसून सांपडत नाहीं. आजीला विचारावें, तर ती म्हणते, "आधीं पानें मांडा."