खिळे जुळवणाऱ्या मुली

संपादकांना हवा होता बेनेडिक्टाइन मठावरचा लेख: घंटा झाली की प्रार्थना, प्रार्थना झाली की काम. खडकवासल्यात राहणाऱ्या मला आठवलं ते केडगाव. आमच्या धरणाचा उजवा कालवा हडपसर, लोणी, यवत करत ज्या दौंड तालुक्यात उतरतो, तिथलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन रूढ अर्थाने मठ नव्हे; पण बायकांनी एकत्र राहायचं, प्रार्थना करायची आणि हाताला काम ठेवायचं, ही रीत तीच.

१८८९ साली मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, पुढल्या वर्षी ते पुण्यात, मग १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि केडगावची जमीन, हा इतिहास पुस्तकांत मिळतो. मी अडकलो तो तिथल्या छापखान्यापाशी.

लहानपणी मी छपाईचे खिळे जुळवले जाताना पाहिले आहेत. डाव्या हातात खिळे धरायची स्टिक, उजवा हात खणाखणांतून फिरणारा. प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. ‘कि’ म्हणताना आधी येतो क, पण जुळवताना आधी घ्यायची वेलांटी. जोडाक्षरांचे खण वेगळेच. मुक्तीत हे काम मुली करत. दुष्काळाने होतं नव्हतं ते नेलेल्या मुली अक्षर शिकल्या आणि मराठीच काय, हिब्रू आणि ग्रीक खिळेही जुळवू लागल्या. हिब्रू तर उजवीकडून डावीकडे!

हे सारं रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या मराठी बायबलसाठी. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन मठात राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या क्रुसावरची लॅटिन अक्षरं त्यांना पटली नाहीत. संस्कृत का नको, असं त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डिनना विचारलं. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलेली ही बाई. तिनेच पुढे ठरवलं की मराठी बायबल संस्कृतप्रचुर नको, अडाणी बाईलाही ऐकून कळेल असं हवं. मला या हट्टाचं फार मोल वाटतं.

हट्ट महागात पडला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर करण्यात दीडएक तप गेलं. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं. संस्थेत माणसांचा राबता एवढा, की भाषांतराला वेळ ओढूनताणूनच काढावा लागे. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक लेक, संस्थेचा सारा भार जिच्यावर टाकायचा ती. त्यानंतरही मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ साली.

खिळ्यांच्या छापखान्यात फर्मा छापून झाला की सोडवतात. मग एकेक खिळा धुऊन, ओळखून, पुन्हा आपापल्या खणात टाकतात, पुढच्या पानासाठी.