जळणाचा हिशेब : मराठी घरातील चुलीचा मागोवा

घरखर्चाचा इतिहास लिहिताना धान्य, डाळ आणि तेल यांच्या भावांची नोंद आवर्जून घेतली जाते. मात्र हे सारे ज्या आचेवर शिजते त्या जळणाचा खर्च, आणि ते जळण मिळवण्यासाठी घरातल्या बाईने वेचलेले तास, त्या जमाखर्चात क्वचितच मांडले जातात. महाराष्ट्रातील रोजच्या स्वयंपाकाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा मागोवा घेतला, तर मराठी घरातील काटकसर ही धान्याइतकीच आचेचीही काटकसर होती, आणि कोणते पदार्थ करावेत, ते कोणत्या क्रमाने शिजवावेत, आदल्या दिवशी काय भिजत घालावे, हे सारे जळणाच्या उपलब्धतेने ठरत गेले, असे दिसते. भाषेनेही चुलीचे हे महत्त्व जपले आहे. दोन वेळा चूल पेटणे म्हणजे पुरेशी कमाई असणे, भाऊ विभक्त झाले म्हणजे त्यांनी वेगळी चूल मांडणे, आणि घरातील सर्वांना जेवायला बोलावणे म्हणजे चूलबंद आमंत्रण, अर्थात त्या दिवशी त्या घरी चूल पेटूच नये अशा अगत्याचे बोलावणे.

पारंपरिक चूल घरातली बाईच माती, शेण आणि भुसा कालवून घाली, आणि तीच रोज तिला पोतेरे करी, म्हणजे शेणामातीच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने सारवून तिच्या भेगा बुजवी. मुख्य तोंडातील ज्वाळा आणि तापलेला धूर ज्या जोडतोंडातून बाहेर पडत त्याला वैल म्हणतात. वैलासाठी निराळे जळण लागत नसे, आणि म्हणून पुढे तव्यावर भाकरी चालू असताना वैलावर डाळ मंद शिजत राही किंवा कालवण ऊन राही. उघड्या चुलीत जळणातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोचतो, हे अभियंत्यांनी पुढे मोजून दाखवले. ही गळती मोजण्याचे साधन हाती नसतानाही तिचा काही भाग परत मिळवण्याची युक्ती वैलाच्या रूपाने गावोगावच्या बायकांना अवगत होती, आणि या रचनेला तंत्रज्ञान म्हणून जो मान मिळायला हवा होता तो अद्याप मिळालेला नाही.

जळण प्रदेशागणिक बदले. विदर्भ-खानदेशात कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, देशावर शेणाच्या गोवऱ्या आणि बाभळीच्या काटक्या, कोकणात झावळ्या, करवंट्या आणि रानातले सरपण अशी ही वाटणी होती. यांतले बरेचसे पैसे न मोजता मिळे, आणि म्हणूनच ते फुकट समजले गेले. गोवऱ्या थापणे, त्या उन्हात फिरवणे, पावसाळ्याआधी रचून झाकणे, मैलभर चालून मोळी आणणे आणि अखेर फुंकणीने ओल्या लाकडात जीव आणताना डोळ्यांत आणि छातीत धूर घेणे, ही त्या फुकट जळणाची खरी किंमत होती; ती पैशात मोजली न गेल्यामुळे पुढील काळात नवे इंधन परवडत नाही, असा निर्णय घरातील पुरुषमंडळींना सहज घेता आला.

या चुलीभोवती जे पदार्थ वाढले त्यांत जळण वाचवण्याचे शहाणपण ठासून भरलेले आहे. पिठले हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. अख्खा हरभरा शिजवायला तासन्‌तास लागतात, परंतु त्याच हरभऱ्याची डाळ करून ती दळली की फोडणीच्या उकळत्या पाण्यात तिचे पीठ काही मिनिटांत शिजते, म्हणजे चुलीवरचा वेळ जात्याकडे ढकलला जातो. कोकणातली कुळथाची पिठी याच न्यायाने बनते. कडधान्याला मोड आणल्याने ते पचायला हलके होते हे सर्वश्रुत आहे, पण भिजून मोड आलेली मटकी कोरड्या मटकीपेक्षा फार लवकर शिजते, हा त्याचा दुसरा लाभ घर चालवणारीच्या दृष्टीने तितकाच मोलाचा होता. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील, भरडलेल्या धान्याच्या कण्या, उरल्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा, हे सारे थोड्या आचेत पोट भरणारे पदार्थ आहेत. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांसमोर उभी केली की तिचा पापुद्रा सुटे आणि तवा पुढच्या भाकरीसाठी मोकळा होई. स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या धगीत वांगे भाजले जाई, दूध तापत ठेवले जाई, आणि थंड झालेली राख भांडी घासायला व साठवणीच्या कडधान्याला लावायला वापरली जाई. उन्हाळ्यात अंगणात वाळत पडणारे सांडगे आणि कुरडया हीदेखील एका अर्थी उन्हाची साठवण होती, कारण पावसाळ्यात सरपण ओले असताना हाच ठेवा थोड्या जाळावर ताटात येई.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जळण विकत घ्यावे लागले आणि तेथे हा हिशेब प्रथमच रोकड पैशांत मांडला गेला. लाकूड आणि कोळसा वखारीतून, म्हणजे जळाऊ मालाच्या गुदामवजा दुकानातून, तोलून येई. चाळीतल्या एका खोलीत मातीची चूल घालणे अवघड असल्याने कोळशाची लोखंडी शेगडी आली, आणि तिच्याहून स्वस्त अशी भुश्याची शेगडी आली. या दुसऱ्या शेगडीत पत्र्याच्या डब्यात मध्यभागी बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरत आणि मग बाटली हलकेच काढून घेत. त्यामुळे मध्ये जी पोकळी उरे तिच्यातून हवा खेळती राहून तो भुसा कितीतरी वेळ एकसारखा धुमसत राही. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांना तर स्वतःची चूलच नव्हती. त्यांची जेवणे खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांनी सांभाळली. एका आचेवर अनेकांचे अन्न शिजवून प्रत्येकामागे येणारा खर्च कमी करण्याचे हे काम त्या सावकाराच्या कर्जाखाली दबून करत होत्या, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे त्यांना बँकांच्या कर्जाचा मार्ग मोकळा झाला.

रॉकेलच्या स्टोव्हने शहरी स्वयंपाकाचा वेग बदलला. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी सिद्ध केलेल्या प्रायमस स्टोव्हमध्ये टाकीत पंपाने हवा भरून रॉकेलवर दाब आणतात, तापलेल्या बर्नरमधून जाताना त्याची वाफ होते आणि ती वाफ निळ्या ज्योतीने जळते. बर्नर आधी तापवण्यासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावावा लागे, भोक चोंदले तर पिन करावी लागे, आणि पंपाचे वायसर वेळोवेळी बदलावे लागे. तरीही राख आणि धूर नसलेली ही आच चाळीच्या खोलीत वरदान ठरली. ज्यांना तिचा आवाज आणि दाबाची भीती नको होती त्यांनी वातीचा स्टोव्ह घेतला. रॉकेलचा सर्वांत मोठा गुण मात्र ज्योतीत नव्हता. ते बाटलीभर, अगदी पावशेरानेही विकत घेता येई, आणि रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला आजच्या कमाईत आजचे जळण घेता येणे ही सोय कोणत्याही कार्यक्षमतेपेक्षा मोठी होती.

म्हणूनच रॉकेलची टंचाई ही थेट उपासमारीची बाब बनली. १९७२ च्या दुष्काळात ग्रामीण भागात परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीवर आणि दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीवर लाखो कुटुंबांनी दिवस काढले. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरोधात उभारलेल्या आंदोलनात हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि धान्य, तेल, साखरेबरोबरच रॉकेल हाही त्या लढ्याचा विषय होता. स्वयंपाकघरातील अर्थकारण हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे या लाटणे मोर्चांनी राज्याला प्रथमच इतक्या ठसठशीतपणे दाखवून दिले. याच स्टोव्हची एक काळी बाजूही नोंदवणे भाग आहे. स्टोव्हचा भडका उडून नवविवाहिता दगावल्याच्या बातम्या पुढील दशकात वारंवार येऊ लागल्या, त्यांतील अनेक मृत्यू अपघात नव्हते हे स्त्रीसंघटनांनी पुढे आणले, आणि १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ व १९८६ साली हुंडाबळीविषयीचे कलम ३०४-ब समाविष्ट झाले.

शहरी मध्यमवर्गात याच काळात प्रेशर कुकर स्थिरावला. त्याचे तत्त्व सोपे आहे : बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. एकावर एक डबे ठेवून एकाच आचेवर अनेक पदार्थ शिजवण्याची कल्पना त्याआधीच, १९१० च्या सुमारास, कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांच्या इकमिक कुकरने रूढ केली होती. प्रेशर कुकरने तिला वेगाची जोड दिली. मराठी घरात 'कुकर लावणे' याचा अर्थच वरण-भात शिजवणे असा झाला आणि शिट्टी हे वेळेचे माप बनले. वैलाने जे काम चुलीवर केले तेच या डब्यांनी गॅसवर केले, हे सातत्य लक्षात घेण्याजोगे आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र'पासून १९७० च्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंतच्या सहा दशकांत पाककृतींचे वाचकही बदलले होते. ओगले यांनी वाटी आणि चमचा ही घरगुती मापे वापरल्यामुळे सासू किंवा आईच्या हाताखाली न शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीलाही मोजून, वाया न घालवता रांधता आले.

द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे दाबाखाली द्रव करून सिलिंडरमध्ये भरलेला इंधनवायू, मुंबईत बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये आणला आणि १९६५ मध्ये इंडियन ऑइलने कोलकात्यात इंडेनची पहिली जोडणी दिली. त्यानंतरची कितीतरी वर्षे गॅसची जोडणी ही मिळवण्याची गोष्ट होती. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि खासदारांच्या वाट्याला जोडण्यांची कुपने येत. गॅसबरोबर उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा घरोघरी आला, राख गेली आणि भांडी घासायची पावडर विकत आणावी लागली. मुख्य अडचण वेगळीच होती. १४.२ किलोच्या सिलिंडरची पूर्ण किंमत एकाच वेळी मोजावी लागते, त्यामुळे ज्या घरात पैसा दररोज थोडाथोडा येतो तेथे हे इंधन दर महिन्याला एक छोटे संकट बनते. अनुदानित सिलिंडरांवर २०१२ मध्ये वर्षाला सहाची मर्यादा आली, ती विरोधानंतर नऊवर आणि २०१४ मध्ये बारावर नेली गेली. या आकड्यांच्या ओढाताणीत मध्यमवर्गीय घरांनीही डाळ आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि उकळी फुटताच आच मंद करणे या आजीच्या सवयी पुन्हा आठवल्या.

चूल न सोडता ती सुधारण्याचे प्रयत्नही कमी झाले नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीतील ग्रामोद्योगाच्या प्रयोगांतून मगन चूल निघाली, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीचा आराखडा मांडला, आणि १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. यातील बहुसंख्य चुली काही वर्षांत मोडल्या किंवा बदलून पूर्ववत केल्या गेल्या, आणि त्याचे कारण बायकांचा जुनाट हट्ट नव्हे. भाकरीसाठी तव्याखाली पसरणारी ज्वाळा लागते, मोठे पातेले मावायला तोंड रुंद लागते आणि धुरांडे साफ करायला कुणीतरी लागते, या साध्या गरजा आराखडा करणाऱ्यांनी विचारल्याच नव्हत्या. पुण्यातील आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आरतीचे, काम यामुळेच निराळे ठरते. उसाच्या शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करायच्या आणि सराई कुकर नावाच्या वाफेच्या भांड्यात अशा सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा वरण-भात-भाजी शिजवायची, या पद्धतीत इंधन, भांडे आणि जेवण यांचा एकत्र विचार होता. २००२ साली संस्थेला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार याच कांड्यांसाठी मिळाला.

ज्यांच्याकडे चूलच नाही त्यांच्यासाठी शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, भात व वरण देणारी शिवभोजन थाळी सुरू केली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे जोडण्या दिल्या आणि सिलिंडर वस्त्यांपर्यंत पोचला. तरीही असंख्य घरांत आज दोन्ही आचा नांदतात. चहा, पोहे आणि पाहुण्यांची सरबराई गॅसवर, तर भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, असा तो कारभार असतो आणि सिलिंडर महागला की त्याचा तोल चुलीकडे झुकतो. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाच्या कोप्यांत उतरतात, आणि त्या कोपीसमोर तीन दगड मांडून पहाटेच्या अंधारात बाई दिवसभराच्या भाकरी थापून घेते, कारण उजाडण्याआधी तिला कोयता घेऊन फडात पोचायचे असते.